किजाबेहून नैरोबीस
केनियातील किजाबे येथे, जेथे १९०६ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी रिफ्ट व्हॅली अकॅडमी स्थापन झाली आणि जेथील इमारतीची कोनशिला १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बसविली, त्या डोंगरी मुलखात वाढणाऱ्या मुलीच्या सोळाव्या वाढदिवसानिमित्त एखादे अमेरिकन कुटुंब नैरोबी गाठते, तेव्हा तो खर्च मला सर्वस्वी रास्त वाटतो; कारण धर्मसेवेचे व्रत आईवडिलांनी स्वेच्छेने घेतलेले असते, आजीआजोबांचा विरह मात्र मुलीच्या वाट्यास तिला न विचारता येतो. नैरोबीतील लांगाट्याच्या जिराफ-केंद्रात, उंच सज्जावर उभे राहून, जिराफाच्या लांबलचक, काळपट, खरखरीत जिभेवर खाद्याच्या गोळ्या ठेवताना तिला मनसोक्त हसू द्यावे, आणि वडिलांनी त्या दिवशी मिशनच्या दफ्तरातील एकही कागद बरोबर घेऊ नये.