लेकीच्या लग्नाला आई का नाही?

‘आमचा विरोध नाही, पण आम्ही लग्नाला येणार नाही.’ मुलीनं जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न ठरवलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. नळदुर्ग आणि आसपासच्या गावांत काम करताना मी ते किती घरांत ऐकलं याची मोजदाद नाही. बोलणाऱ्याला वाटतं, आपण फार समजूतदार आहोत. मारहाण केली नाही, कोंडून ठेवलं नाही. पण मैत्रिणींनो, हाही विरोधच आहे. हात न उगारता केलेली ही शिक्षा आहे.

या वाक्यातले ‘आम्ही’ म्हणजे कोण? बाप, चुलते, भाऊ, भावकीतली चार वडीलधारी माणसं. आईला कुणी विचारलेलंच नसतं. जिनं मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं एकेक भांडं जमवलं, रुखवताची स्वप्नं बघितली, तिनं हळदीला जायचं की नाही हे मात्र पुरुष ठरवणार. ‘गेलीस तर परत या घरात पाऊल टाकायचं नाही,’ असं तिला सांगितलं जातं. म्हणजे एका लग्नातून दोन बायकांना शिक्षा होते: लेकीला आणि आईला. मुलानं असंच लग्न केलं तर वर्ष-दोन वर्षांत नातू बघायच्या निमित्तानं दार उघडतं. मुलीसाठी ते फार क्वचित उघडतं. घराण्याची अब्रू बाईच्या अंगावर ठेवायची ही जुनीच रीत आहे.

‘लग्नाला कुणी आलं नाही तर काय बिघडलं, संसार तर त्या दोघांनाच करायचाय,’ असं म्हणणारे आपल्यातही आहेत. बिघडतं ते नंतर. नवरा चांगला निघाला तरी पहिल्या बाळंतपणाला माहेर नसतं. वाईट निघाला तर त्याला पक्कं ठाऊक असतं की हिच्या मागं कुणी नाही. ‘तुझ्या आईबापांनीच तुला टाकलं, आता कुठं जाशील?’ हा टोमणा ऐकलेल्या बाया आपल्याकडे येतात. त्या उशिरा येतात, कारण ‘तूच निवडलास ना?’ हा प्रश्न त्यांना माराइतकाच लागतो. ज्या दिवशी घरच्यांनी मांडवाकडे पाठ फिरवली, त्या दिवशीच तिची परतीची वाट बंद झालेली असते.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनानं आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळला आणि आंतरधर्मीय लग्नं तेवढी ठेवली. कारण काय दिलं? अशा मुलींचा माहेराशी संबंध तुटतो. दुखणं खरं आहे, पण औषध उलटं! संबंध मुलगी तोडते की घरचे? शासनाला काळजी असेल तर माहेरच्या बंद दारावर थाप मारावी. सज्ञान मुलीच्या लग्नाची माहिती गोळा करून ते दार उघडणार नाही.

‘धर्म आड येतो,’ असं सांगतात. कुठला धर्म? आपण अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचा भंडारा कपाळी लावणारी माणसं. त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. बाणाईचं लग्न नळदुर्गातच लागलं, असं इथं मानतात. मुसलमान भक्तांनी त्याला मल्लूखान म्हटलं. देवाचं असं लग्न आपल्याला चालतं, लेकीचं चालत नाही! शेजारच्या निकाहात जेवून कुणाचा धर्म बुडाला नाही आणि चर्चमधल्या लग्नाला बसून कुणी ख्रिस्ती झालं नाही. मग स्वतःच्या मुलीच्याच मांडवात धर्म कसा बुडतो?

हा प्रश्न आपल्याच देशातला नाही. मॉर्मन पंथात मंदिरातल्या विवाहविधीला पंथाबाहेरच्या आईबापांनाही प्रवेश नसतो. त्यांना समोर बसता यावं म्हणून अमेरिकेत आधी नागरी विवाह केला, तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. मे २०१९ मध्ये पंथानं ही अट काढली. मंदिराचं दार बंदच आहे, पण आईसमोर लग्न लावायची शिक्षा तरी संपली. एवढा कडक पंथ इतपत वाकतो, मग आपली भावकी का वाकत नाही?

आता आपल्याविषयीही बोलू. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. हुंडा आणि बडेजाव याला आपला विरोध आहे, तो राहिलाच पाहिजे. पण कचेरीतून गुपचूप बाहेर पडणारं लग्न गावाला गुन्ह्यासारखं दिसतं. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी सावित्रीबाईंच्या पुढाकारानं लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, पण चारचौघांसमोर लागलेलं लग्न! आपणही सह्यांनंतर गूळ-शेंगदाणे का वाटू नयेत? गाणी का म्हणू नयेत? ओटी का भरू नये? आणि ओटी भरायला विधवेला पुढं का करू नये?

या कायद्यातला नोटिशीचा तीस दिवसांचा काळ मुलीला धमकावायला वापरला जातो. जिथं तिच्या जिवाला धोका आहे तिथं तिची सुरक्षितता आधी, तिथं तिचा पत्ता कुणालाही कळता कामा नये. पण जिथं फक्त अबोला आहे, तिथं मुलीला विचारून आपण चौघीजणींनी तिच्या आईकडे जायचं. एकदा नाही, चारदा. जातपंचायत त्या घराला वाळीत टाकायला निघाली, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा दाखवायचा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आईला एवढंच सांगायचं: तुला जावई पसंत नसेल, तू त्याच्या देवाला हात जोडू नकोस. पण लेकीच्या पाठीशी उभी राहा. तिच्या सासरच्या माणसांनी तुला तिथं उभी असलेली बघायला हवी.