पुण्याचे यंत्र, कुवेतचा कळफलक

६ मार्च हा मोहम्मद अल-शारेख यांचा स्मृतिदिन. २०२४ साली ते गेले. बहरीनमधल्या सित्रातल्या मराठी घरांत हे नाव फारसे कुणाला ठाऊक नसेल. पण ऐंशीच्या दशकात आखातात वाढलेल्या अरब माणसापुढे ‘सखर’ म्हणून पाहा, त्याचे बालपणच बोलू लागेल. टीव्हीला जोडायचा तो घरगुती संगणक शारेख यांच्या कंपनीचा.

शारेख कुवेतचे. शिक्षण अर्थशास्त्राचे, काही काळ जागतिक बँकेच्या संचालक मंडळावर. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सशी तसा संबंध नाही. त्यांनी यंत्र शून्यातून घडवण्याचा हट्ट धरला नाही, आणि यातच त्यांचे शहाणपण. १९८३ च्या जूनमध्ये जपानमध्ये काझुहिको निशी यांनी ‘एमएसएक्स’ हे सामाईक मानक जाहीर केले होते: यंत्र कोणत्याही कंपनीने बनवावे, एकाचा कार्यक्रम दुसऱ्यावर चालला पाहिजे. आत ३.५८ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, चित्रांसाठी वेगळी चिप आणि तिची स्वतःची १६ किलोबाइट स्मृती, तीन सुरांची आवाजाची चिप, वर कार्ट्रिजची खाच. लिहिलेला कार्यक्रम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचा. सुट्टीत गावी नेण्यासाठी ज्या टू-इन-वनची आपल्याकडे वर्षभर तजवीज चालायची, त्याच जातीचा टेपरेकॉर्डर या कामाला पुरे. सखरचा गाजलेला एएक्स-१७० याच मानकावर बनलेला होता.

शारेख यांनी पैसा आणि माणसे लावली ती अक्षरांवर. अरबी उजवीकडून डावीकडे धावते आणि शब्दात कुठे बसले यावर एकाच अक्षराची चारपर्यंत रूपे होतात. पुढचे अक्षर टंकले की मागचे पडद्यावर आपला आकार बदलते. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत हे बसवणे खायचे काम नव्हे. सखरने ते रॉममध्येच बसवले, कळांवर अरबी अक्षरे छापली, अरबीत आज्ञा देता येतील अशी बेसिक ही संगणकभाषाही काढली. घरातल्या मुलाला संगणक शिकण्याआधी इंग्रजी शिकावे लागले नाही.

आता आपल्याकडे वळू. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८८ च्या सुमारास ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवान्याने बनवलेली आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. मेंदू तोच, झेड-८०. ४८ किलोबाइट स्मृती, कॅसेट तीच, टीव्हीही तोच. पन्नास हजारांहून अधिक यंत्रे विकली गेली असे सांगतात. आयात करांच्या त्या काळात हा पराक्रमच, आणि पुणेकरांनी तो फारसा मिरवला नाही हे नवलच! पण त्या कळफलकाकडे पाहा: एकेका कळेवर इंग्रजी आज्ञांची गर्दी, मराठीचा एक कानाही नाही.

कारण अडचण तांत्रिक होती असे म्हणावे, तर जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांचे उत्तर तेव्हा देशातच तयार होते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांच्या पुढाकाराने ‘जिस्ट’ तंत्र जन्मले होते आणि पुढे पुण्यातच सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने ते जिस्ट कार्डाच्या रूपाने पुढे नेले. फक्त ते कार्ड महागड्या पीसीत बसायचे, आणि पीसी असायचा कचेरीत. एकाच शहरात एकाकडे घरचा संगणक, दुसऱ्याकडे देवनागरी, आणि दोघांची गाठ काही पडली नाही. मराठी पडद्यावर आली ती कचेरीच्या दाराने, मुलांच्या खोलीतून नव्हे. याचा दोष मी अभियंत्यांना देणार नाही. मुलाने संगणकावर मराठीत काही करावे, अशी मागणी आपणच कधी दुकानदाराकडे केली नाही.

सखरचेही पुढे सोपे गेले नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, कंपनीचे काम कैरोला हलले, एमएसएक्सचा जमानाही सरला. पण अक्षरांवर केलेली मेहनत यंत्राबरोबर भंगारात गेली नाही. तिच्यातूनच पुढे अरबी शुद्धलेखन तपासणारी आणि भाषांतर करणारी साधने उभी राहिली. २०२१ मध्ये शारेख यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला.

आज देवनागरी कळफलक प्रत्येक फोनमध्ये फुकट असतो. तरी सित्रा-मनामातल्या आपल्या कौटुंबिक गटांत ‘आई, जेवलीस का’ हे रोमन अक्षरांतच लिहिले जाते. वाचकहो, हा अंक खाली ठेवण्याआधी मुलांच्या फोनवर मराठी कळफलक सुरू करून द्या, आणि आजीला पाठवायचा पुढचा निरोप त्यांच्याकडून त्यावरच लिहून घ्या.