ओली पुडी, कोरडी पुडी

मैत्रिणींनो, आमच्या ह्यांनी मावा सोडला म्हणून मी खुशीत होते. परवा धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात कोरड्या तंबाखूची पुडी निघाली! विचारलं तर म्हणतात, “अगं, ही कोरडी. बाधतो तो ओला मावा.”

फरक आहे, नाही असं नाही. मावा म्हणजे सुपारीची कात्रण, तंबाखू आणि चुना, प्लॅस्टिकच्या कागदात चोळून ओलसर केलेला. चुन्याने तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं. नुसती कोरडी तंबाखू आधी लाळेत भिजावी लागते, अंमल सावकाश चढतो. म्हणून आमचे हे ती तासभर गालात धरून बसतात! कर्करोगाची द्रव्यं पान वाळवता-मुरवतानाच तयार होतात, तेव्हा ती दोन्हींत आहेतच.

आणि मशेरी? भाजलेली, अगदी कोरडी. दाताला लावायची म्हणून आपल्याला ती तंबाखू वाटतच नाही. सासूबाई दिवसातून तीनदा लावतात. इतके दात कोण घासतं, सांगा बरं! पोटुशीने लावली तर बाळ वजनाला कमी भरतं.

रविवारी ह्यांना उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. उभी तीन बोटं जायला हवीत, दोनच गेली. ही सुपारीची करणी. दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. तंबाखूच्या पाकिटावर सोडण्यासाठी मदतीचा फुकट फोन छापलेला असतो, १८००-११-२३५६. तो मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, सासूबाईंना दिसेल असा.