निळ्या रंगाखाली काय आहे?

शनिवारची रात्र. पाच जण पाच घरांतून ऑनलाइन आलेत. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. फासे पडतात आणि स्क्रीनवर नकाशा उघडतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांना हे नवं नाही. पण नकाशा कुठला? बहुतेक वेळा आयता डाउनलोड केलेला. युरोपातला किल्ला, बर्फ, पाइनचं जंगल. आणि खेळणारे कुठले? पौड, पिरंगुट, कोथरूडचे!

माझं म्हणणं एवढंच, की नकाशा स्वतः बनवा. सुरुवात मुळशीपासून करा.

कोरीगडाचा गणेश दरवाजा, माथ्यावरची तळी, तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती आणि त्यांच्यामधली खिंड. अजून काय पाहिजे राव? फक्त अख्खा गड एका नकाशात कोंबू नका. खेळात एक चौकोन म्हणजे पाच फूट. कोरीगडाची सुमारे दीड किलोमीटरची तटबंदी मांडायला हजारभर चौकोन लागतील. म्हणून दरवाज्यापुरताच नकाशा करा, 30 बाय 20 चौकोनांचा. ‘रोल-ट्वेंटी’वर एका चौकोनाला मुळात 70 पिक्सेल असतात, म्हणजे चित्र झालं 2100 बाय 1400. फाइल हलकी ठेवा, मोबाइल डेटावर खेळणारा मित्र दुवा देईल. आणि परिसराचा मोठा नकाशा करताना कुणाचं तरी चित्र ढापू नका. ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा आधार घ्या. तिथे श्रेय दिलं की काम भागतं.

इथवर सगळं सोपं आहे. खरा प्रश्न येतो मुळशीचा जलाशय काढताना. मीही आधी बकेट टूल घेतलं, निळा रंग ओतला आणि मोकळा झालो. मग लक्षात आलं, या निळ्याखाली गावं आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी ती गेली. 1921मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचं नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेले. लढा हरला, धरण झालं. आजही हे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज बनवतं.

आपण एका क्लिकमध्ये तेच पुन्हा केलं की! गावं पुसली.

म्हणून निळ्या लेयरखाली आणखी एक लेयर ठेवा. त्यात नदी, शेतं, वाटा, देऊळ काढा. खेळाडूंना सुरुवातीला फक्त पाणी दिसू द्या. मग गोष्ट पुढे सरकेल तसा वरचा लेयर काढा. पण एक पथ्य पाळा. त्या गावाला भुताटकीचा खजिना करू नका. तिथून उठलेल्यांची नातवंडं, पतवंडं आज तुमच्याच वर्गात असू शकतात. जमलं तर आधी त्यांच्या घरी जा आणि वाट कुठून जायची ते विचारा.

ड्रॅगन थांबेल थोडा वेळ.