साचा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूरपासून येरमाळ्यापर्यंत मालमोटारींची वर्दळ अहोरात्र चालू असते. अशी वाहने बांधणाऱ्या पुणे-चाकण पट्ट्यात याच जिल्ह्यातील कितीतरी तरुण कंत्राटी कामगार म्हणून राबत आहेत. मात्र इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो गाभा, कसा असावा हे ठरविणाऱ्या मेजापर्यंत त्यांच्यापैकी किती जण पोहोचतात?

हा गाभा पूर्वापार बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियमची घनता त्याच्या निम्म्याहूनही कमी. उष्णताही ते झपाट्याने बाहेर टाकते. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ क्लासिकसाठी महिंद्राने संपूर्ण ॲल्युमिनियमचे इंजिन आणले, ते आधीच्यापेक्षा ५५ किलोंनी हलके असल्याचे कंपनीने सांगितले. परंतु धातू बदलला की जुना आराखडा निरुपयोगी ठरतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पिस्टनच्या घर्षणापुढे टिकत नाही; म्हणून सिलिंडरला आतून बहुधा बिडाचेच अस्तर द्यावे लागते. भिंत कोठे जाड ठेवायची, पाण्याच्या वाटा कोठून न्यायच्या, रस साच्यात कोणत्या तोंडाने सोडला म्हणजे आत पोकळ्या राहणार नाहीत, ही खरी विद्या. अवजड मालमोटारींच्या डिझेल इंजिनांना आजही प्रामुख्याने बीडच मानवते, कारण तेथे दाब प्रचंड असतो आणि दौड लाखो किलोमीटरची. नव्याच्या हौसेपायी हे विसरून कसे चालेल?

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. लोखंडी नांगर घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आज वाहनउद्योगाला ओतीव भाग पुरवितात. मराठवाड्यातील मुलाने मात्र दुसऱ्याने काढलेल्या साच्यातून निघालेला भाग उचलून ठेवावा, एवढीच अपेक्षा! धाराशिवला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जवळच कौडगावचे औद्योगिक क्षेत्र आहे. ॲल्युमिनियमचे ओतकाम आणि डायचा आराखडा यांचा अभ्यासक्रम कोल्हापूरच्या कारखानदारांच्या साहाय्याने येथे का सुरू होऊ नये? कच्च्या मालासाठी खाणीच हव्यात असेही नाही. भंगारातून ॲल्युमिनियम पुन्हा वितळविण्यास, खनिजापासून ते काढण्याच्या मानाने, जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. विजेच्या गाड्या आल्यावर हे शिक्षण वाया जाईल, अशी शंका घेणाऱ्यांनी त्या गाड्यांच्या मोटरचे कवचही बहुधा ॲल्युमिनियमचेच ओतले जाते, हे ध्यानी घ्यावे.

जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी तंत्रशिक्षण संचालनालयाकडे नेला पाहिजे. एक छोटी भट्टी आणि वीसएक संगणक, एवढ्यावरही पहिली तुकडी सुरू करता येईल.