पाय तोच, भाव वेगळा

परधाडे विसरलो का हो आपण?

22 जानेवारी 2025. पाचोरा तालुका, परधाडे स्टेशनजवळ. लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, जनरल डब्यातली माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि वळणावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. किमान 12 जण गेले. त्यात नेपाळचेही नागरिक होते. जखमींना पाचोरा-जळगावच्या दवाखान्यांत नेलं.

रेल्वेने मदत जाहीर केली: मृताच्या वारसाला दीड लाख, गंभीर जखमीला 50 हजार, किरकोळ जखमीला 5 हजार.

आता नीट वाचा. सप्टेंबर 2023 पासून रेल्वेच्याच नियमात 'रेल्वे अपघाता'साठी हे आकडे 5 लाख, अडीच लाख आणि 50 हजार आहेत. दीड लाख, 50 हजार, 5 हजार हा भाव 'अनुचित घटने'चा! म्हणजे गाडी घसरून पाय गेला तर अडीच लाख, शेजारच्या गाडीने नेला तर 50 हजार. पाय तोच, हाडाच्या डॉक्टरचं बिल तेच. फक्त कागदावरचा रकाना वेगळा.

लगेच कोणीतरी म्हणेल, "त्यांनीच उतरायला नको होतं." भाऊ, मी पाचोरा-जळगाव अप-डाऊन करतो. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. तिथे कोणी 'आग' म्हणून ओरडलं तर तुम्ही बसून विचार कराल? आणि खरं काय ते सांगायला त्या गर्दीत कोण येतं? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून केलेली इजा नव्हे. तरी खाली उतरलेला माणूस कायद्यात बसतो का, यावर वाद घालायला रेल्वेच्या वकिलाला जागा आहेच. तो वाद हात-पाय गमावलेल्या मजुराने लढायचा?

आणखी एक गंमत. 45 पैशांचा तो प्रवास विमा ऑनलाइन तिकीटवाल्यांनाच. खिडकीवर जनरलचं तिकीट काढणाऱ्याला नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर.

रस्त्यावर गाडीने उडवलं तर 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, 7 दिवस, दीड लाखापर्यंत. रुळावरच्या जखमीसाठी तसं का नाही? परधाड्याच्या वेळी राज्य सरकारने मृतांच्या वारसांना 5 लाख आणि जखमींचा उपचारखर्च जाहीर केला, ते चांगलंच केलं. पण ती घोषणा होती, हक्क नव्हता. पुढच्या वेळी कॅमेरे आले नाहीत तर?

म्हणून मागण्या साध्या आहेत.

1. प्रवासी गाडीतून उतरला म्हणून त्याचा भाव कमी करू नका. जखमेकडे बघा.
2. रुळावरच्या जखमीलाही कॅशलेस उपचार द्या. डिस्चार्जनंतर कृत्रिम पाय आणि फिजिओथेरपीही त्यात धरा.
3. भुसावळ विभागाने मनमाडपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यासाठी दवाखाने आधीच ठरवून ठेवावेत. पाचोऱ्याकडचा गंभीर जखमी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, चाळीसगावकडचा धुळ्याच्या हिरे महाविद्यालयात. हे अपघाताच्या दिवशी फोनवर ठरवायचं नसतं.

आणि जखमींच्या घरच्यांना एक सांगणं. सरकारी मदत मिळाली म्हणजे विषय संपला असं समजू नका. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, मुंबई किंवा नागपूरला, वेगळा दावा करता येतो. मुदत एक वर्ष. तिकीट, एमएलसीची नक्कल, डिस्चार्ज कार्ड, बिलं जपून ठेवा. तिकीट हरवलं असेल तरी बसून राहू नका. तिकीट सापडलं नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, हेही त्याच निकालात आहे.

खासदारसाहेब नव्या गाड्यांना हिरवे झेंडे दाखवतात. दाखवा की! पण त्याच गाडीच्या जनरल डब्यातल्या माणसाच्या पायाची किंमत 50 हजारच का, हेही एकदा लोकसभेत विचारा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण जनरल डब्यातून एकदा जाऊन या आणि मग भांडा.