घरच्या मापाने जग मोजताना



मुलांच्या भूगोलात ब्रुनेई, लक्झेंबर्ग, मॉरिशस अशी नावं आली की आपण म्हणतो, "घे पाठ करून एकदाचं!" पण नुसतं पाठ केलेलं परीक्षा झाली की विसरतं. तांदूळ जसे घरच्या वाटीने मोजतो, तसे देशही घरच्या मापाने मोजावेत. आपलं माप म्हणजे आपला जालना जिल्हा.

१ मे १९८१ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरचा आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरला अडीचशेवर माणसं. आता वहीत रकाने आखा आणि मुलांनाच लिहू द्या.

आशियातला ब्रुनेई: ५,७६५ चौ. कि. मी., वस्ती साडेचार लाखांच्या आसपास. युरोपातला लक्झेंबर्ग: २,५८६ चौ. कि. मी., वस्ती पावणेसात लाखांच्या घरात. वेस्ट इंडीजमधला त्रिनिदाद-टोबॅगो: ५,१२८ चौ. कि. मी. आफ्रिकेजवळचा मॉरिशस: २,०४० चौ. कि. मी., वस्ती साधारण साडेबारा लाख.

पाहिलंत? लक्झेंबर्गच्या तिप्पट, त्रिनिदादच्या दीडपट आणि मॉरिशसच्या पावणेचार पट आपला जिल्हा! मॉरिशसमध्ये मात्र दर चौरस किलोमीटरला सहाशेवर माणसं राहतात.

अर्थात, देश आणि जिल्हा अगदी एका तराजूत घालता येत नाहीत. देशाची तिजोरी आणि कायदे स्वतःचे असतात. शिवाय ब्रुनेईत जमिनीखाली तेल आहे. पण मॉरिशसकडे काय होतं? ऊस! १८३४ पासून तिथल्या मळ्यांवर हिंदुस्थानातून कराराचे मजूर नेले. त्यांत आपल्या कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. १९६८ साली हा देश स्वतंत्र झाला आणि १९७७ पासून तिथे माध्यमिक शिक्षणही मोफत झालं. मळ्यातल्या मजुराच्या मुलीला हायस्कूलची फी आड येईनाशी झाली.

म्हणून वहीत आणखी एक रकाना हवाच: मुलींचं शिक्षण. २०११ साली आपल्या जिल्ह्यात शंभरांत जवळजवळ ८२ पुरुष साक्षर होते, बायका मात्र ६१ च. अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. आईच्या पाठोपाठ लेकही निघते, धाकट्या भावंडाला सांभाळायला. पाच-सहा महिने शाळा बुडाली, की पुढे ती सुटतेच.

इथे आपल्याला थोडं काही करता येईल, बरं का. ओळखीतलं एखादं कुटुंब तोडीला निघणार असेल, तर दिवाळीआधीच शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. यंदा आपल्या भागात ते कुठे चालणार, हे विचारून घ्या. पोरीची आजी गावातच राहणार असेल, तर तिच्याशीही बोला. अशी एक मुलगी जरी वर्गात टिकली, तरी त्या शेवटच्या रकान्यात आपल्या हातून एकाची भर पडेल.